राखणदाराचं तीर्थ

गणपती गेले की आमच्या डोंबिवलीचं तोंड उतरतं. मांडवांचे बांबू रस्त्याच्या कडेला आडवे पडलेले असतात, त्यांच्या सुंभाला ओला कुबट वास येत असतो. कालपर्यंत ज्या कोपऱ्यावर उभं राहायला जागा नव्हती, तिथे पुन्हा रिक्षांची रांग लागते. पाऊस गेलेला नसतो, पण त्याचं कामात लक्षही नसतं. संध्याकाळी वारा पडला की कारखान्यांच्या बाजूने तो ओळखीचा आंबूस वास येतो आणि घरोघरच्या खिडक्या लागतात. तिकडे टिटवाळ्याला नव्या इमारतींच्या बुकिंगच्या ऑफिसात पोरं मोबाइलवर खेळत बसतात, कारण या पंधरवड्यात कोणी घर घेत नाही, सोनं घेत नाही, मुलगी बघायला जात नाही. खुशीत असते ती फक्त भाजीवाली. भोपळा, गवार, अळू यांना एरवी कोण विचारतं? "म्हाळ हाय ना ताई, मग घासाघीस कशाला करता?" असं ती मला ऐकवते आणि मी ऐकून घेते.

मला हा पंधरवडा लहानपणापासून आवडतो. हे चारचौघांत सांगायची सोय नाही, म्हणून इथे सांगते. रोषणाई नाही, ढोल नाही, कोणाला पेढे वाटायचे नाहीत; नुसतं चांगलंचुंगलं रांधायचं आणि जे नाहीत त्यांची आठवण काढायची. पण गेल्या वर्षीपासून भाद्रपदाचा हा दुसरा पंधरवडा आला की माझा गोंधळ उडतो. गेल्या वर्षी या दिवसांत मी जपानमध्ये होते आणि तिथल्या एका देवळात मी जे केलं, ते बरोबर की चूक हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी भूगोलाची शिक्षिका. आयुष्यभर मुलांना दिशा शिकवल्या. आता निवृत्त झाल्यावर ही वेळ आली.

माझी मुलगी मुक्ता नोकरीसाठी जपानला गेली आणि तिकडचीच झाली. केन्ता नावाच्या मुलाशी लग्न करायचंय, असं तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हणाले, कारण दुसरं काही सुचलंच नाही. आई शेजारी लसूण सोलत बसली होती. ती माझ्याकडेच असते. वयाची ऐंशी ओलांडली, गुडघे गेले, पण कान अजून तिखट आहेत.

"कुठला म्हणाली गो?" तिने विचारलं.

"जपानचा."

हातातली पाकळी तिने ताटात ठेवली. "म्हणजे माझ्या बाबांना ज्यांनी खाल्लं, त्यांच्यातला?" आणि भिंतीला धरत उठली. "तुमचं तुम्ही बघा. मी काय त्या लग्नाला यायची नाही."

आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, इंग्रजांच्या फौजेत होते. खेडजवळच्या आमच्या आजोळी तेव्हा घरटी एक माणूस पलटणीत असायचाच. शेती पुरत नव्हती, दुसरं काय करणार? दुसऱ्या महायुद्धात त्यांना ब्रह्मदेशात पाठवलं. आई तेव्हा रांगत होती. मग तार आली. त्यात मेले असं नव्हतं, बेपत्ता असं होतं. त्या एका शब्दाने आजीचे हाल केले. ती सवाशीण की विधवा, यावर गावात दोन तट पडले. हळदीकुंकवाला बोलवावं तर पंचाईत, न बोलवावं तर पंचाईत. बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून जाळायचा, असा रिवाज. तसंच केलं. आईला वडिलांची आठवण आहे ती एवढीच, गवताचा बाहुला जळतानाची. ते कुठे पडले हे कोणालाच कळलं नाही. कोणत्या डोंगरावर, कोणत्या नदीच्या काठी, पावसात की उन्हात, काहीच नाही.

तिथीही माहीत नाही. पण पितृपक्षातली चतुर्दशी ही शस्त्राने गेलेल्यांची. घातचतुर्दशी म्हणतात तिला. आई एकुलती एक. आधी तिचे काका करायचे, त्यांच्या पश्चात वडिलांचं पान ती स्वतःच वाढते. बाईने करावं की नाही असं कोणी म्हणालं तर म्हणते, "मग तुम्ही करता काय?" वडे, खीर, भोपळ्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी. पान गच्चीवर ठेवायचं आणि हात जोडून उभं राहायचं. कावळे हल्ली येत नाहीत, पारवे येतात. आई पारव्यांनाही चालवून घेते.

आणि आईच्या मनातला सल फक्त जपान्यांचा नाही, हेही सांगायला हवं. शाळेत असताना पंधरा ऑगस्टला ज्यांचे वडील चळवळीत तुरुंगात गेले होते, त्या मुलांना पुढे बसवायचे. आईने एकदा गुरुजींना सांगितलं, माझे पण बाबा लढाईत गेले. गुरुजी म्हणाले, ते गोऱ्या साहेबासाठी गेले, बस खाली. ती बसली. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली आणि वर म्हणाली, "गुरुजींचं चुकलं असं पण नाय म्हणवत." माझ्या गोंधळाचं मूळ बहुतेक तिथेच असावं. आम्ही पिढीजात गोंधळलेले आहोत.

तर गेल्या वर्षी मी मुक्ताकडे गेले. आईला सांभाळायला ठाकुर्लीचा माझा भाऊ आला. जाताना आईच्या पाया पडले तर तिने डोक्यावर हात ठेवला, पण मुक्तासाठी काही दिलं नाही. एरवी ती गोडा मसाला, कोकम, काहीतरी देतेच.

जपानमध्येही ते दिवस पितरांचेच निघाले! दिवस आणि रात्र सारखी होते त्या सुमाराला तिथली माणसं आपापल्या घराण्याची थडगी धुतात, फुलं वाहतात. शेतांच्या बांधांवर लालभडक फुलं उठली होती, पान एक नाही, नुसता दांडा आणि वर तारांसारख्या पाकळ्या. मी पूजेसाठी चार खुडायला गेले तर मुक्ता ओरडली, "आई, नको! ती मेलेल्यांची फुलं असतात, घरात नाही आणत." मी हात मागे घेतला. गवताचा ओला वास, कापणीला आलेला भात, दूर कोणीतरी पेटवलेला पेंढा. डोळे मिटले तर आजोळच. उघडले की सगळ्या पाट्या न वाचता येणाऱ्या.

एका सकाळी मुक्ता आणि केन्ता मला बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. केन्ता उंच, अबोल, आणि माझ्या पिशव्या माझ्या नकळत उचलणारा. त्याला मराठी तीन-चार शब्द येतात, त्यातला "हो" तो सढळ हाताने वापरतो. खिडकीतून झाडीत एक भलंमोठं दगडी कमानीसारखं दार दिसलं आणि माझा हात आपसूक छातीला आणि मग कपाळाला लागला. आपल्याकडे रिक्षातून जाताना देऊळ लागलं की लागतो ना, तसा. कोणाचं देऊळ हे आपण कुठे विचारतो? आधी नमस्कार, मग चौकशी.

"कोणता देव गं?" मी उतरताना विचारलं.

मुक्ता जरा अडखळली. "राखणारे देव आहेत. म्हणजे, देशाचं रक्षण करणारे."

म्हणजे राखणदार, मी मनात म्हटलं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कोकणात प्रत्येक गावाला राखणदार असतो, रात्री काठी आपटत शिवेवरून फिरतो म्हणतात. कमानीशी मी चपला काढल्या. मुक्ता म्हणाली, "आई, चपला घाल, इथे नाही काढत." पण राखणदारासमोर चपला घालून जायचं मला जमेना. खडी पायांना अशी टोचली की चार पावलांत निमूटपणे चपला घालून परत आले.

पुढे दगडी कुंडात पाणी खळखळत होतं, वर लांब दांड्याचे लाकडी डाव ठेवलेले. तीर्थच ते, आणखी काय असणार! मी डावाने पाणी उजव्या तळहातावर घेतलं, भुरकन प्यायले, ओला हात डोक्यावरून मागे फिरवला. मान वर केली तर एक म्हातारे गृहस्थ डोळे विस्फारून माझ्याकडे पाहत होते. मुक्ताने कपाळावर हात मारला. "आई! ते हात धुवायचं पाणी आहे. चूळ भरून टाकायचं असतं, प्यायचं नसतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात केन्ता पुढे आला. त्याने डाव घेतला, अगदी माझ्यासारखं तळहातावर पाणी घेतलं, प्यायलं, आणि ओला हात स्वतःच्या केसांवरून मागे फिरवला. चेहरा गंभीर. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हो." त्या क्षणी तो मुलगा मला आवडला. अगदी मनापासून आवडला. ते तसंच राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

उंच झाडांखालून आम्ही आत निघालो. वाटेत उभे केलेले दगड, त्यांवर कोरलेली अक्षरं. लिपी कळत नव्हती म्हणून मी नुसतीच पाहत चालले होते. एका काळ्या दगडावर नकाशा होता, आणि नकाशा मला कळतो. वरून खाली आलेली ती नदी, पश्चिमेच्या डोंगररांगा, खाली समुद्रात गेलेली शेपटी. फळ्यावर खडूने किती वेळा काढली होती मी ती आकृती! प्रत्येक वेळी खडू डोंगररांगांपाशी जरा रेंगाळायचा, कारण आजोबा तिथेच कुठेतरी.

"हा ब्रह्मदेश ना?" मी विचारलं.

मुक्ताला केन्ताला विचारावं लागलं नाही. माझं बोट कुठे आहे ते त्याने पाहिलं. "बिरुमा," तो म्हणाला, आणि यावेळी हो म्हणाला नाही.

मग मुक्ताने सांगितलं. इथले देव म्हणजे या भागातून लढाईत गेलेले आणि परत न आलेले सैनिक. सगळ्यांना मिळून देव केलंय. केन्ताच्या आजीचे वडील त्यांत आहेत. त्यांची पलटण ब्रह्मदेशातच होती.

माझ्या जिभेवर अजून त्या पाण्याची चव होती. "तू मला न सांगता इथे आणलंस?" माझा आवाज चढला. "आजीला कळलं तर काय वाटेल, याचा विचार केलास?"

"केन्ताच म्हणाला, आईंना तिथे नेऊ या," मुक्ता म्हणाली. "पणजोबांचं मी त्याला सगळं सांगितलंय. लपवून लग्न नको म्हणाला. बसमध्ये सांगणार होते गं, पण तू आधीच नमस्कार केलास, मग माझं डेअरिंगच नाही झालं." तिचे डोळे भरले होते.

केन्ता हळूहळू बोलत होता, मुक्ता मराठी करत होती. त्याच्या आजीच्या घरीही वडील आले नाहीत. पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थींचा डबा आला. आत एक दगड होता. "आजी म्हणते, ते देव झाले. शाळेत मी त्या युद्धाचं वाचलं, आपल्या लोकांनी काय काय केलं ते, तेव्हा मला लाज वाटली. इथे आलं की नक्की काय वाटायला हवं, ते मला कळत नाही."

मला तरी कुठे कळत होतं? राग धरावा तर समोर हा, डोक्यावरून तीर्थ फिरवलेला. माया करावी तर मागे डोंबिवलीत आई. शिवाय एक वेगळीच खंत होती, तीही सांगून टाकते. जे दुसऱ्यांच्या देशात घुसले त्यांना झाडी, कमान, पाणी, देवपण. आणि आमच्या आजोबांना गच्चीवरचं एक पान. पण मग आमचे आजोबा तरी तिथे कोणाच्या देशात, कोणाच्या सांगण्यावरून गेले होते?

खूप वर्षांपूर्वी मी मुलांना घेऊन कल्याणच्या बाजूच्या एका जुन्या आगरी गावात गेले होते. वेशीवर एक वीरगळ होता. लढाईत पडलेल्या कोणा वीराचा दगड, शेंदराने इतका माखलेला की कोरलेलं काही दिसू नये. एक म्हातारी त्याला फूल वाहत होती. मी शिक्षकी उत्साहाने विचारलं, हा कोणत्या राजाच्या बाजूने लढला? ती म्हणाली, "कोन जिकला न कोन हारला, ते कोनाला ठाव! आमाला राखतंय, बस झाला." तेव्हा मी मुलांकडे बघून हसले होते. त्या देवळापुढे मला ती म्हातारी हवी होती, म्हणजे विचारलं असतं की बाई, शेंदराखालचा चेहरा ओळखीचा निघाला तर काय करायचं?

गाभाऱ्यासमोर तिघं उभे राहिलो. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं, अशी तिथली रीत. मी वाकले नाही. ठरवून ताठ उभी राहिले. पण टाळ्या वाजल्या आणि माझेही हात वाजले, एक ठोका उशिरा. वाजले ते तसेच जुळून राहिले. जुळलेल्या हातांचं काय करावं ते समजेना, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आतून तेच आलं जे कुठल्याही देवापुढे येतं. सगळ्यांचं भलं कर. सगळे म्हणजे कोण कोण, याचा हिशेब मी आजपर्यंत कधी केला नव्हता. तिथे तो माझ्या गळ्यात पडला आणि मी घाईघाईने मागे फिरले.

परत आल्यावर आईने प्रवासाचं विचारलं, थंडीचं विचारलं, तिथे भात कसा शिजवतात तेही विचारलं. देवळाचा विषय मी काढला नाही, तिने छेडला नाही. केन्ताचं नाव तिने घेतलं नाही. व्हिडिओ कॉलवर तो दिसला की ती खुर्ची सरकवून चौकटीबाहेर जायची. वर्ष असंच गेलं. लग्न मार्गशीर्षात ठरलं, इथेच, डोंबिवलीत. हॉल ठरला, साड्यांची बोलणी झाली, आणि आईचं उत्तर तेच राहिलं. मुक्ता मला रडून म्हणाली, "आजी नसेल तर मला नको हा सगळा तामझाम, आम्ही रजिस्टर करतो." मी दोघींच्या मध्ये उभी, आणि कोणाला समजवावं तेही माहीत नाही, कारण मला स्वतःलाच कोणी समजावलं नव्हतं.

या वर्षीची घातचतुर्दशी आली. मी वड्यांचं पीठ मळत होते, आई भोपळा चिरत होती. बाहेर झिमझिम. सुरी न थांबवता तिने विचारलं,

"त्या देवळात तू पाया पडलीस काय गो?"

माझे हात पिठात तसेच राहिले. "तुला कोणी सांगितलं?"

"मुक्तीने. मागेच. मी वाट बघत होते तू कधी बोलतेस त्याची."

"वाकले नाही," मी म्हणाले. "पण हात जोडले. आणि आधी न कळता तीर्थही घेतलं." मग मला राहवेना. "आई, मला खरंच कळत नाही मी चुकले का. तू रागाव हवं तर."

आई रागावली नाही. चिरलेल्या फोडी तिने परातीत सारल्या. "मग विचारलंस काय त्यांना?"

"काय विचारायचं?"

"बाबा कुठं पडले ते." तिने माझ्याकडे पाहिलं. मी मंद विद्यार्थिनी असावे तसं. "त्यांना शेवटचं बघितलं ते त्या लोकांनीच ना? आमच्यातलं कोण होतं तिथे? त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? एवढी त्यांच्या दारात गेलीस, हात जोडलेस, आणि विचारलं नाहीस?"

इतका विचार केला मी त्या दारात, राग, लाज, हक्क, न्याय. आणि हे साधं विचारायचं सुचलं नाही. मी पिठाचे हात धुतले.

"फोन लाव मुक्तीला," आई म्हणाली.

तिकडे दुपार होत आली होती. सुट्टीचा दिवस, दोघं घरातच होते. आईने पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून घेतली. केन्ता पडद्यावर दिसताच गडबडून ताठ बसला.

"केन्ता," आई म्हणाली, "ऐक बाबा. तुझ्या पणजोबांच्या देवळात जाशील तेव्हा त्यांना विचार. म्हणावं, खेडकडचा एक शिपाई होता, उंच, त्याची मुलगी तेव्हा रांगत होती. तो कुठे पडला, तेवढं सांगा." मुक्ताने सांगितलं. तो ऐकताना खाली पाहत होता. आई थांबली, मग म्हणाली, "आणि रागावून नको विचारू. नीट विचार. त्यांना तरी कोणी घरी आणलंय?"

मुक्ताने हेही सांगितलं, जरा थांबत थांबत. केन्ता डोकं टेकेल इतका खाली वाकला आणि बराच वेळ वर झाला नाही.

"पुरे, पुरे," आई म्हणाली. "लग्नाला येशील तेव्हा सांग मला, काय म्हणाले ते."

हे मात्र हुंदक्यांमुळे मुक्ताला त्याला सांगता येईना. तो आमच्या तिघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिला, आणि शेवटी, काहीच न कळून, "हो आजी" म्हणाला.